माझ्याच कॉम्प्युटरमधलं खरं खरं दाखवून मला ४६ हजारांना गंडवलं

हे लिहायला मला तीन महिने लागले कारण लाज वाटत होती, बायको म्हणाली अहो लिहा, निदान दुसऱ्या कुणाचे तरी वाचतील, म्हणून लिहितोय. मी इचलकरंजीत घरातूनच अकाउंटची कामं करतो, बारा-तेरा यंत्रमागवाल्यांचे जीएसटी रिटर्न माझ्याकडं असतात. म्हणजे कॉम्प्युटर अजिबात न कळणारा माणूस मी नाही. टॅलीत, म्हणजे त्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, हयात गेली. तरी फसलो.

कॉम्प्युटर साधारण सहा-सात वर्षं जुना, विंडोज १०. आठवडाभर त्याला झटके यायला लागलेले, काम करता करता एकदम निळी स्क्रीन, वर ते रडकं तोंड, आणि आपोआप रिस्टार्ट. दिवसातनं एकदा व्हायचं ते दोनदा, मग चारदा. मी काय करायचो तर दर वेळी वैतागून परत चालू होईपर्यंत चहा घ्यायचो. त्या निळ्या स्क्रीनवर खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मी एकदाही वाचलं नाही, हे लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

१९ तारखेच्या संध्याकाळी कडेलोट झाला. थ्रीबीची, म्हणजे जीएसटीच्या महिन्याच्या रिटर्नची, शेवटची तारीख २०, चार जणांचे रिटर्न बाकी, आणि मशीन दर वीस मिनिटाला पडतंय. आमचा नेहमीचा रिपेरीवाला पोरगा फोन उचलेना, तो गावाला गेलेला. मग मी मोबाईलवर शोधलं, विंडोज ब्लू स्क्रीन कस्टमर केअर नंबर, आणि सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. वर बारीक अक्षरात जाहिरात लिहिलेलं असतं ते नंतर दिसलं. आता कळतंय की विंडोजची खरी एरर कधी फोन नंबर देत नाही आणि असा फुकट बसलेला कस्टमर केअरवाला तर कुठंच नसतो, पण त्या वेळी लगेच माणूस बोलला याचाच मला आनंद झाला.

माणूस एकदम सभ्य. हिंदीत, सर सर करत. नाव विचारलं, कॉम्प्युटर कुठल्या कंपनीचा, किती दिवसापासून त्रास आहे, सगळं शांतपणे लिहून घेतल्यासारखं. मग म्हणाला, "सर, एनीडेस्क है आपके पास?" एनीडेस्क म्हणजे लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर बघायचं आणि चालवायचं ॲप. आता इथंच माझी गोची झाली. टॅलीचा आमचा सपोर्टवाला नेहमी एनीडेस्कवरूनच येतो, महिन्याला दोनदा तरी मी त्याला तो नऊ आकडी नंबर सांगतो, ॲक्सेप्ट दाबतो आणि बाजूला बसतो. ॲप चांगलंच आहे, त्याचा काही दोष नाही. पण नंबर सांगायची सवय हाताला इतकी लागली होती की समोर कोण आहे हे डोक्यात आलंच नाही, बँकेचा पिन विचारला असता तर मी फोन आपटला असता, हा नंबर मात्र पानसुपारी दिल्यासारखा दिला.

मग त्यानं मला माझाच कॉम्प्युटर दाखवायला सुरुवात केली. विंडोजचं बटण आणि आर दाबा, आता टाईप करा, ई व्ही ई एन टी व्ही डब्ल्यू आर. इव्हेंट व्ह्यूअर उघडलं, म्हणजे विंडोजची नोंदवही. त्यात ॲडमिनिस्ट्रेटिव्ह इव्हेंट्स. लाल गोळे, पिवळे त्रिकोण, लाल गोळे, पिवळे त्रिकोण, माऊस खाली ओढतोय तरी संपेना. वर आकडा, २,३१४. "सर, ये सब इन्फेक्शन है. देख रहे हो ना आप? रेड वाला क्रिटिकल है." पोटात गोळा आला खरं सांगतो, कारण हे त्यानं आणलेलं नव्हतं, माझ्याच मशीनमध्ये होतं.

पुढं काळी विंडो उघडून नेटस्टॅट टाईप केलं. चार रकाने आले, त्यातल्या एकाचं नाव फॉरेन ॲड्रेस. "फॉरेन, सर. आप इंडिया में बैठे हो, और ये फॉरेन से कौन बैठा है आपके कंप्यूटर में?" समोर एस्टॅब्लिश्ड, एस्टॅब्लिश्ड लिहिलेलं. आणि मग शेवटचा घाव, त्याचं मला आजही कौतुक वाटतं. म्हणाला सर तुम्हाला मी खरा आहे का खोटा हे कसं कळणार, तर आम्ही तुमच्या मशीनचा लायसन्स नंबर वाचून दाखवतो, तुम्ही स्क्रीनवर टॅली करा. काळ्या विंडोत असॉक टाईप केलं, लांबलचक यादी धावली, तळाशी झेड एफ सेंड टू टार्गेट म्हणून एक ओळ. त्यानं न बघता वाचलं, ट्रिपल एट डी सी ए सिक्स झिरो, आणि पुढचंही सगळं. मी बोटानं एकेक अक्षर लावत गेलो. तंतोतंत. टॅली करा म्हटल्यावर अकाउंटंट माणूस टॅली करणारच हो, आणि टॅली झालं की विश्वास.

तर ऐका, तो नंबर जगातल्या जवळपास प्रत्येक विंडोजवर तोच असतो. सेंड टू मेन्यूच्या एका भागाचा तो ठरलेला नंबर आहे, लायसन्सशी काडीचा संबंध नाही. त्याला पाठ होता बस्स. फॉरेन ॲड्रेस म्हणजे परदेश नाही, लाईनच्या पलीकडच्या टोकाचा पत्ता, मी जीमेल उघडं ठेवलं होतं ते तिथं दिसणारच, आणि नंतर परत लावून बघितलं तर त्या फॉरेनमध्ये १२७.०.०.१ पण होतं, म्हणजे माझा स्वतःचाच कॉम्प्युटर! आणि ते लाल-पिवळे गोळे? नंतर मेव्हण्याचा पंधरा दिवसांपूर्वी घेतलेला कोरा लॅपटॉप उघडून बघितला, त्यात पण सहाशेच्या वर. विंडोज म्हणजे बारीकसारीक कुरकुर वहीत लिहून ठेवणारा कारकून आहे. १००१६ नंबरची डिस्ट्रिब्युटेड कॉमची एरर तर ढिगानं असते, मायक्रोसॉफ्ट स्वतःच म्हणतं दुर्लक्ष करा.

पण जीव कशानं जळतो सांगू? त्याच यादीत माझ्या मशीनचा खरा आजार लिहिलेला होता. १००१ नंबर, बगचेक, निळी स्क्रीन आली त्या त्या वेळेला एकेक नोंद आणि त्यात कोड. आणि ४१ नंबर, कर्नल पॉवर, म्हणजे मशीन नीट बंद न होता पडलं. त्याचा माऊस त्यांच्यावरून चार वेळा गेला. एकावरही थांबला नाही. मीही नाही.

बाकी पैशाचं भरभर सांगतो. तीन वर्षांचा सिक्युरिटी प्लान, ४,९९९. यूपीआयनं दिले. मग म्हणाला सर व्हेरिफिकेशनला १० रुपये जातील आणि परत येतील, त्यासाठी मोबाईलवरही तेच ॲप टाका, टाकलं. १० रुपये गेले का बघायला कॉम्प्युटरवर नेट बँकिंग उघडा, उघडलं. पासवर्ड ब्राऊझरनं लक्षात ठेवलेलाच होता, चलन भरायला रोज लागतो ना. तेवढ्यात कॉम्प्युटरची स्क्रीन काळी झाली, म्हणाला अपडेट चालू आहे, दहा मिनिटं काही दाबू नका, मोबाईल पण हातात धरू नका, समोर ठेवा. मी ठेवला. समोर! देव्हाऱ्यात ठेवावा तसा टेबलाच्या मधोमध. काळ्या स्क्रीनच्या मागं तो माझ्या खात्यात बसलेला, आणि ओटीपी माझ्या मोबाईलवर येत होता तो त्याला तिकडं दिसत होता. पहिले २४,५०० गेले, मग १६,९००. बायको आतनं म्हणाली अहो फोन सारखा वाजतोय मेसेजनं, बघा की. मी म्हटलं थांब गं, काम चाललंय.

बघितलं तेव्हा मी भिंतीवरचं बटण बंद केलं, शटडाऊन वगैरे काही नाही, सरळ बटण. मोबाईल स्विच ऑफ. आणि इथं दुसरी चूक केली, ती पहिलीपेक्षा मोठी. रात्रभर गप्प बसलो. वाटलं सकाळी बघू, रात्री कोण बसलंय. १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर, रात्रीपण चालू असतो. मी फोन केला दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, तिकडच्या बाईंनी ट्रान्झॅक्शन नंबर, वेळ, रक्कम घेतली, सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार झाली, आणि तोवर पहिली रक्कम पुढं तीन खात्यांत फिरून निघून गेलेली. दुसऱ्या रकमेतले ११,२०० तेवढे कुठल्यातरी वॉलेटमध्ये अडकले, ते होल्ड झाले. अजून होल्डच आहेत, कोर्टाची ऑर्डर लागते म्हणाले. रात्रीच लावला असता तर, जाऊ दे.

बँकेत गेलो तर रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक दाखवलं. तीन दिवसांत कळवलं की पैसे परत मिळतात हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, मीही तेच ऐकून गेलो होतो, पण ते तिसऱ्याच कुणाची तरी चूक असेल तेव्हा. आपण स्वतः दार उघडून दिलं असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर गेले तर बँकेचं. म्हणजे घड्याळ आपल्या तक्रारीपासून चालू होतं, आणि मी पंधरा तास ते लावलंच नव्हतं.

त्या पैशात एका मागवाल्या काकांचे ३१,००० होते, टॅक्स भरायला माझ्याकडं दिलेले. त्यांच्या शेडात जाऊन सांगावं लागलं. मागाच्या खडखडाटात एकदा सांगून ऐकू गेलं नाही, परत ओरडून सांगावं लागलं की काका तुमचे पैसे माझ्याकडनं गेले, मी भरतो. शेजारच्या मागावरचे दोघं वळून बघायला लागले. काकांनी नुसतं माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्यानं जास्तच कसंतरी झालं. बायकोची भिशी मोडून भरले.

आणि ज्या लेट फीला घाबरून मी हा उपद्व्याप केला ती एका रिटर्नला दिवसाला ५० रुपये. चार रिटर्न, दोन दिवस, ४०० रुपये. भरले शेवटी ते पण.

रिपेरीवाला पोरगा गावाहून आल्यावर घरी आला. पहिला प्रश्न, "काका, निळ्या स्क्रीनवर स्टॉप कोड काय येतोय?" माहीत नाही म्हटलं. त्यानं चालू करून ठेवलं, पडायची वाट बघितली, पडल्यावर मोबाईलनं फोटो काढला. मेमरी मॅनेजमेंट. इतकं स्वच्छ लिहिलेलं. कॅबिनेट उघडलं तर आत पांढऱ्या मऊ धुळीचा थर, आमच्या गावात मागाचा कापूस हवेतच असतो, पंखा तर उशी भरल्यासारखा. ब्रशनं झाडून घेतलं, रॅमच्या दोन पट्ट्या काढल्या, माझ्या मुलीच्या कंपासमधला खोडरबर मागितला आणि पट्टीच्या सोनेरी दातांवर हलक्या हातानं घासला, काळपट निघत होतं. कोरड्या कापडानं पुसून परत बसवल्या, दोन्ही बाजूला टक् असा आवाज येईपर्यंत. मग विंडोजचंच मेमरी डायग्नोस्टिक लावलं, एम डी एस सी एच ई डी, मशीन रिस्टार्ट होऊन स्वतःच तपासतं, फुकट. एरर नाही. २०० रुपये घेतले, तेही मी बळंच दिले.

तो म्हणाला काका, मशीन परत पडलं तर आधी कोडचा फोटो काढा, नुकतं काय नवीन टाकलं ते आठवा, आणि मला आठ दिवस उशीर झाला तरी चालेल पण दुसऱ्या कुणाला आत घेऊ नका. मग त्यानं एक गोष्ट शोधून काढली ज्यानं मी हादरलो. त्या माणसानं माझ्या एनीडेस्कमध्ये स्वतःचा पासवर्ड टाकून ठेवला होता, म्हणजे पुढच्या वेळी मी ॲक्सेप्ट दाबायची गरजच नाही, कधीही या आणि बसा. ज्या दिवशी मी कॉम्प्युटर परत नेटला जोडला असता त्या दिवशी तो परत आत. तुमच्याकडं असं कुणी येऊन गेलं असेल तर नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून, त्याच कॉम्प्युटरवरून बदलाल तर त्यालाच सांगून बदलल्यासारखं. मोबाईलवरचं ॲप पण काढा, ते लोक विसरतात. मी टॅलीचा डेटा पेनड्राईव्हवर घेतला आणि सगळं फॉरमॅट करून घेतलं. ब्राऊझरमध्ये बँकेचा पासवर्ड आता ठेवत नाही, वहीत पण नाही.

मागच्या आठवड्यात परत फोन आला. वेगळा आवाज, तेच सर सर. "सर, हमारी कंपनी बंद हो रही है, आपका ४,९९९ रिफंड करना है, कंप्यूटर ऑन कर लीजिए." मी म्हटलं हो हो, थांबा, जुना आहे, चालू व्हायला वेळ लागतो. फोन तसाच टेबलावर मधोमध ठेवला आणि चहा टाकायला गेलो. अकरा मिनिटं होता लाईनवर.