माळ्यावरची गेमची कॅसेट: पिवळी की राखाडी, ठेवायची की विकायची?

मारिओची जुनी कॅसेट कोट्यवधींना गेली, अशी बातमी व्हॉट्सअॅपवर फिरली की लोक माळ्यावर चढतात. बातमी खोटी नाही. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात ‘सुपर मारिओ ६४’ची एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. पण ती प्रत कारखान्यातून निघाल्यापासून कुणी उघडलीच नव्हती. या खेळाच्या जगभरात एक कोटीहून जास्त प्रती खपल्या आहेत आणि खेळून झालेल्या सुट्या कॅसेटला त्या भावाचा हजारावा हिस्साही मिळत नाही. लिलावात भाव आला तो न फाटलेल्या वेष्टनाला.

म्हणून आधी आपल्या हातात काय आहे ते बघू. नांदेड, परभणी, लातूरच्या घरांत नव्वदच्या दशकात जो ‘टीव्ही गेम’ आला, तो बहुतेक वेळा निन्टेन्डो या जपानी कंपनीचा नव्हताच. जपानमध्ये १९८३ साली आलेल्या फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या यंत्राची ती नक्कल होती आणि सोबतच्या कॅसेटीही नकली. त्यात आपल्या आईवडिलांचं काही चुकलं नाही. अस्सल माल परवडण्यासारखा नव्हताच: १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीने सेगा या दुसऱ्या कंपनीचं मेगा ड्राइव्ह हे खेळाचं यंत्र भारतात आणलं तेव्हा त्याची किंमत १८,००० रुपये होती. तेवढ्या पैशात घरात टीव्ही यायचा. अस्सल कॅसेट आपल्याकडे आली असेल तर बहुधा जेद्दा-दुबईला कामाला गेलेल्या मामूंनी किंवा अमेरिकेतल्या आत्याने आणली म्हणून. तेव्हा पहिला प्रश्न घरातल्या मोठ्यांना विचारा: ही आली कुठून? ‘गुलमंडीच्या बाजारातून घेतली होती’ असं उत्तर आलं तर अपेक्षा तिथेच निम्मी करा.

दुसरी परीक्षा मोजपट्टीची. अमेरिका-युरोपात विकली गेलेली निन्टेन्डोची राखाडी कॅसेट उभी, साधारण तेरा सेंटीमीटर उंच असते. फॅमिकॉमची कॅसेट, आणि तिची नक्कल, आडवी आणि जवळजवळ निम्म्या उंचीची. राखाडी कॅसेटीच्या तळाशी ७२ पिनांची, म्हणजे सोनेरी पट्ट्यांची, जागा असते, फॅमिकॉमच्या ६० ची. पण नुसत्या पिना मोजून निर्णय घेऊ नका, कारण कॅसेटीच्या आतल्या अस्सल बोर्डवरही न लागणाऱ्या काही पट्ट्या गाळलेल्या असतात.

रंगावर जाल तर फसाल. पिवळी म्हणजे नकली, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात, पण फॅमिकॉमची अस्सल ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची कॅसेट पिवळीच होती. लेबल जपानी असेल आणि त्यावर निन्टेन्डोच्या नावासोबत एचव्हीसीने (HVC) सुरू होणारा क्रमांक असेल, तर ती बाजूला काढून नीट तपासा. लेबलवर ‘९९९९९९९ इन १’ असेल तर तपासायची गरजच नाही. त्यातले पाच-सात खेळ तेवढे वेगळे, बाकी सगळे त्यांचेच अवतार.

स्क्रूवरूनही बरंच कळतं. राखाडी कॅसेटीला सुरुवातीच्या वर्षांत चपट्या खाचेचे पाच स्क्रू असत, नंतर तीन आले आणि त्यांना ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो. तिथे साधा स्टार स्क्रू दिसला तर कुणीतरी उघडून बदललेली आहे किंवा नकली आहे. सुरी घालून उचकटू नका. फुटलेल्या कडेने किंमत जाते. उघडता आलीच तर आत बघा. अस्सल बोर्डवर सहसा कंपनीचं नाव, साल आणि क्रमांक छापलेल्या चिप दिसतात. नक्कल असेल तर बहुधा डांबरासारखा एक काळा थेंब असतो, बाकी काही नाही. पण एकट्या थेंबावर शिक्का मारू नका, लेबल, माप आणि बोर्ड मिळूनच निकाल द्या.

गेम बॉय या निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या छोट्या कॅसेटी, विशेषतः पोकेमॉन, यांचं दुखणं वेगळं. त्या दुबईहून आल्या तरी नकली असू शकतात. गेम बॉय अॅडव्हान्सची असेल तर सोनेरी पट्ट्यांच्या वर बोर्डवर निन्टेन्डोचं नाव छापलेलं असतं आणि लेबल तिरपं धरलं की त्यावर दाबून उमटवलेला एक बारीक आकडा दिसतो. हे दोन्ही नसेल तर मला ती अस्सल वाटत नाही.

समजा अस्सल निघाली. मग दुर्मीळ की मौल्यवान, हा प्रश्न येतो आणि लोक इथेच गोंधळतात. बांदाई या जपानी कंपनीचा ‘स्टेडियम इव्हेंट्स’ हा खेळ १९८७ मध्ये अमेरिकेत आला. खेळासोबतच्या पायचटईचे, म्हणजे पायांनी दाबून खेळायच्या चटईचे, हक्क निन्टेन्डोने घेतले, जुना माल दुकानांतून उठला आणि तोच खेळ ‘वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट’ या नावाने पुन्हा आला. पहिल्या नावाची अमेरिकन कॅसेट हजारो डॉलरची, दुसऱ्या नावाची किरकोळ भावाची. खेळ मात्र एकच! युरोपातली ‘स्टेडियम इव्हेंट्स’ही त्या मानाने बरीच स्वस्त आहे. उलट, घरच्या नकली १६८ इन १ कॅसेटीसारखी दुसरी अख्ख्या हिंगोलीत नसेलही, पण तिला मागणी कुणाची? नकली कॅसेटी जमवणारे थोडे हौशी आहेत, भाव मात्र थोडाच देतात.

‘मारिओ’ आणि ‘डक हंट’ एकत्र असलेली राखाडी कॅसेट अस्सल असली तरी यंत्रासोबत वाटली गेलेली, त्यामुळे ढिगाने उपलब्ध. जुनेपणाचंही तसंच: ४० वर्षांपूर्वीची असणं हे कारण पुरेसं नाही.

भाव बघायचा तर मागितलेला नव्हे, मिळालेला बघा. ओएलएक्सवर कुणीही ‘रेअर’ लिहून पन्नास हजार मागतो. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर लावा, किंवा प्राइसचार्टिंग या भाव दाखवणाऱ्या संकेतस्थळावर सुटी, डब्यासह आणि सीलबंद असे वेगळे रकाने पाहा. तुमची सुटी असेल तर सुटीचाच रकाना. पैठण गेटच्या मोबाइलवाल्याला दाखवून उपयोग नाही. तो चालते की नाही एवढंच सांगेल, आणि तेही त्याच्याकडे यंत्र असलं तर. परदेशी पाठवायचं म्हटलं की पोस्टेज, फी आणि वाटेत हरवायची भीती. सुट्या कॅसेटीचा भाव दोन-तीन हजारांच्या आत असेल तर मी ती विकणार नाही, घरीच ठेवेन. त्याच्या वर असेल तर देशातल्या संग्राहकाला आधी विचारेन.

विकायची ठरली तर आधी नटवू नका. सोनेरी पट्ट्या मेडिकलमधल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसा, सॅंडपेपर नको. लहानपणी आपण फुंकर मारायचो, त्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात. लेबलवर बॉलपेनने भावाचं नाव लिहिलेलं असेल तर घासू नका, घासलेलं लेबल नावापेक्षा वाईट दिसतं. खेळ साठवणाऱ्या कॅसेटीतली बॅटरी मेली असेल तर तसं स्पष्ट सांगा. ती बदलताना कच्चं सोल्डरिंग झालं तर नुकसान जास्त. फोटो मात्र पुढून, मागून, स्क्रूचा आणि उघडता आलीच तर बोर्डचा, असे चारही द्या. जाणकार गिऱ्हाईक बोर्डचा फोटो मागतोच.