सरकी पेंड की सोया डीओसी? इंदूरकडच्या गोठ्यासाठी

खुराकात पेंड कोणती घालावी हा विचार चालू असेल, तर इंदूरकडे दोन्ही पर्याय हाताशी आहेत: निमाडातल्या कापसाची सरकी पेंड आणि माळव्यातल्या सोयाबीनची डीओसी, म्हणजे तेल काढून घेतल्यावर उरलेली पेंड. मी दोन्ही घालून पाहिल्या आहेत.

सरकीची बाजू भक्कम आहे. तेलाचा अंश राहिल्याने गायी ती आवडीने खातात, आणि फॅटवर भाव मिळत असेल तर डेअरीच्या चिठ्ठीवर फरक दिसतोही. हिवाळ्यात जिनिंग चालू असताना आलेली ताजी पेंड मी आजही नाकारणार नाही.

अडचण पावसाळ्यात येते. तोवर माल जुना झालेला असतो, हवा दमट, आणि पोत्याच्या तळाशी पेंडीचे गठ्ठे धरतात. फोडले की आत हिरवट बुरशी. दिसते तेवढीच असती तर तो भाग फेकून भागलं असतं. पण अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीने तयार केलेलं विष, डोळ्यांना दिसत नाही. गायीच्या पोटात गेलेला त्याचा बी-१ हा प्रकार एम-१ या प्रकारात बदलून दिवसभरात दुधात उतरतो आणि उकळूनही जात नाही. दुधात त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम ठरवलेली आहे. गोठ्यात ती मोजणार कोण? आमचं दूध जातं त्या घरांत लहान मुलं आहेत. दर पावसाळ्यात एकेक पोतं हुंगत बसायचा तो घोर मला सोसवेना, म्हणून मी डीओसीकडे वळलो.

ओल लागली तर डीओसीलाही बुरशी येते, पण माझ्या अनुभवात ती बरीच जास्त टिकते. प्रथिनं साधारण ४५ टक्के, सरकीत त्याच्या निम्मी. म्हणून दोन किलो सरकीच्या जागी एक किलो पुरते. तेल नसल्याने उरलेली ताकद मक्याच्या भरड्यातून द्यावी लागते. हिशेब त्यासकट करा, नुसता पोत्याचा भाव बघू नका. बदलानंतर आमची फॅट थोडी उतरली होती, गव्हाचा भुसा वाढवल्यावर सावरली. तुमच्याकडे वेगळंही होईल. म्हशी असतील तर कदाचित सरकीच बरी वाटेल.

लहान वासरांना मात्र सरकी नकोच. तिच्यातलं गॉसिपॉल हे नैसर्गिक विषारी द्रव्य मोठी गाय निभावून नेते, वासराला ते जमत नाही.

बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. खनिज मिश्रण दोन्हींबरोबर लागतं, दिवसाला ५० ग्रॅम. आणि पोती कुठलीही घ्या, ती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.