मारेगाव-करंजी रस्त्यावरचं पाटी उडालेलं गॅरेज आणि माझी तापणारी मारुती ८००

मारेगावहून करंजीकडे निघालं की थोड्या वेळानं एक टिनाचं शेड लागतं, समोर निंबाचं झाड, झाडाखाली दोन-तीन ट्रॅक्टर खोललेले. पाटीवरचं नाव उन्हानं कधीच उडालं. सगळे 'मिस्त्रीचं शेड' म्हणतात. ट्रॅक्टरवाला माणूस कारला काय हात लावणार, या समजुतीपायी मी वर्षभर त्याच्या समोरून गाडी नेत राहिलो. ती चूक चार हजार तीनशे रुपयांना पडली.

गाडी १९९९ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, एमएच २९ म्हणजे यवतमाळ पासिंगची. माझ्या कृषी केंद्राची उधारी वसूल करायची आणि सौ.ला वणीला माहेरी सोडायचं, एवढंच तिचं काम. मागच्या मे महिन्यात तिला आजार लागला. मोकळ्या रस्त्यावर साठच्या स्पीडला तापमानाचा काटा अर्ध्याखाली. वणीत कोळशाच्या ट्रकांमागे दहा मिनिटं अडकलो की काटा लाल रेघेला भिडलाच म्हणून समजा.

एका मोठ्या गावच्या, चकचकीत काचांच्या गॅरेजात नेली. रेडिएटरचा, म्हणजे इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या जाळीचा, पंखा फिरत नाही म्हणाले. वायर तोडून डॅशबोर्डखाली डायरेक्ट स्विच बसवून दिला. आता पंखा माझ्या हातात, तरी गाडी तापतेच. मग वॉटर पंप बदलला. मग 'आपल्याकडच्या उन्हात कशाला पाहिजे' म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप, काढून फेकला. वर्षभरानं तिसऱ्या खेपेला सांगितलं, हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं पॅकिंग) गेलं, हेड उतरवावं लागेल, पंधरा हजार धरून चाला.

त्या दिवशी घरी आलो ते मे महिन्याच्या दुपारी हीटर फुल करून. हीटर म्हणजेही एक छोटा रेडिएटरच, इंजिनाची थोडी आग तो आत ओढून घेतो. बाहेर पंचेचाळीस, आत किती ते देव जाणे. सौ. खिडकीबाहेर तोंड काढून बसली होती आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

शेवटी शेडवर गेलो. मिस्त्रीच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, त्यामुळे पहिला अर्धा तास नुसत्या माना आणि हातवारे. थुंकून आल्यावर पहिला प्रश्न, "भाऊ, गाडी पयताना तापते का उभी असताना?" तीन खेपांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. उभी असताना, म्हटलं. "मंग पंख्याचंच असंन. पयताना हवा आपोआप लागते. पयतानाच तापली असती तं रेडिएटर नाई तं पानी पाह्यलं असतं."

हेडची भीती सांगितली तर त्यानं डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल बघायची पट्टी, काढून दाखवली. तेल काळं होतं, पण तेलच होतं. पाणी मिसळलं की दुधाच्या चहासारखं होतं, म्हणाला. गाडी पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडलं, इंजिन चालू केलं, बराच वेळ पाण्यात बुडबुडे येतात का बघत बसला. आले नाहीत. सायलेन्सरला पांढरा धूर नाही. "तुमाले हेड काढ्याचं कोन सांगतलं?" मी नाव घेतलं नाही, इथेही घेत नाही.

मग पंखा चालू करायला लावला आणि कालच्या पेपरचं एक पान घेऊन जाळीसमोर धरलं. पंखा हवा आत ओढत असेल तर कागद जाळीला चिकटायला हवा. आमचा कागद उडून थेट ट्रॅक्टरखाली गेला. मिस्त्री माझ्याकडे पाहून हसला. "पंखा उलटा फिरून रायला न भाऊ!"

डायरेक्ट स्विच बसवताना दोन वायरींची अदलाबदल झाली होती. डीसी मोटर, प्लस-मायनस फिरवलं की ती उलटी फिरते. म्हणजे इतके महिने तो पंखा इंजिनाची गरम हवा रेडिएटरमधून बाहेर ढकलत होता. धावताना समोरच्या वाऱ्यापुढे त्याचं काही चालायचं नाही म्हणून निभावलं. वायरी बदलल्या, दुसरं पान धरलं, चप्पकन चिकटलं. पाच मिनिटांचं काम.

इथे पैसे घेऊन मला वाटेला लावलं असतं तरी मी खूश होतो. पण मुळात पंखा बंद का पडला होता? त्यानं पाणी तापलं की पंखा आपोआप लावणारा फॅन स्विच काढला, बाजूच्या चहावाल्याकडून गंज, म्हणजे पातेलं, मागवला, पाणी उकळलं, स्विच बॅटरी आणि बल्बला जोडून त्यात बुडवला. पाणी खळखळलं तरी बल्ब पेटला नाही. नवा स्विच दुसऱ्या दिवशी वणीहून आला. तोही बसवण्याआधी त्याच गंजात. आधण येता येता बल्ब लागला. नवीन थर्मोस्टॅटचंही तेच, साधारण ८२ अंशांना तोंड उघडतो. तो नसला की थंडीत इंजिन गरम व्हायला वेळ लागतो आणि पेट्रोल जास्त जातं. हिवाळाभर माझं मायलेज का पडलं होतं, ते तेव्हा कळलं. (चहावाला म्हणाला, गंज नंतर घासून घेतो. मी चहा घेतला नाही.)

रेडिएटरच्या पत्र्यांत कापसाचे तंतू, किडे आणि वणीची कोळशाची धूळ. पाण्याची साधी धार इंजिनच्या बाजूनं बाहेर मारली. प्रेशर गननं पत्रे वाकतात, म्हणाला. आतलं पाणी गेरूच्या रंगाचं निघालं. मी आजवर बोअरचं पाणी भरत होतो. घरच्या माठाला त्या पाण्याचा पांढरा थर चढतो, मग इंजिनात काय होत असेल! आता निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. झाकणही नवं घातलं, जुन्याची स्प्रिंग ढिली होती. झाकण दाब धरतं म्हणून पाणी शंभराच्या वर गेलं तरी उकळत नाही, हे मला पन्नाशीत समजलं.

बिल एक हजार सातशे पन्नास, त्यात मजुरी फक्त चारशे. बिल म्हणजे खर्ऱ्याच्या पुडीच्या कागदावरचा हिशोब, पक्कं मागू नका.

तक्रारीही आहेत. फोन उचलत नाही. दीड दिवसाचं काम चार दिवस चाललं, कारण पेरणी तोंडावर आली की ट्रॅक्टर आधी. माझा धंदा बियाण्याचा, त्यामुळे तोंड उघडता आलं नाही. बसायला टायर. बाईमाणसाला घेऊन जाऊ नका, आडोसा नाही.

डायरेक्ट स्विच मात्र त्यानं काढला नाही, नीट वायरी जोडून अडीअडचणीसाठी ठेवला. परवा वणीत पुन्हा ट्रकांमागे वीस मिनिटं उभा होतो. काटा अर्ध्याच्या जरा वर गेला, पंखा आपला आपण घरघरला, काटा खाली, पंखा बंद. सौ.नं विचारलं, कशाचा आवाज? हीटर नाही, एवढंच सांगितलं.