रांग रिकामी असताना थांबायचं कशाला? छोट्या सर्व्हरसाठी एफक्यू-कोडेल की एफक्यू

गोव्यात पर्वरीच्या किंवा पाटोवरच्या छोट्या ऑफिसात बहुधा असंच असतं: आत गिगाबिटचा लिनक्स सर्व्हर आणि बाहेरची लाइन त्याच्या दहाव्या हिश्श्याचीही नाही. कोणती क्युडिस्क (बाहेर जाणाऱ्या पॅकेटांची रांग सांभाळणारा कर्नलचा भाग; एफक्यू-कोडेल आणि एफक्यू या त्यातल्याच) ठेवायची हे ठरवताना सगळे लेटन्सीचे, म्हणजे पॅकेटांना लागणाऱ्या उशिराचे, आलेख बघतात. मी आधी हे बघतो, की पॅकेट पाठवताना कर्नल (लिनक्सचा गाभा) उगाच किती वेळा काम पुढे ढकलतो.

रायबंदरच्या धक्क्यावर फेरी लागलेली असेल आणि पुढे एकही गाडी नसेल, तर आपण सरळ चढतो. एफक्यू-कोडेल (कर्नल ३.५, २०१२) तेच करते. रांग रिकामी असली तर पाठवणाऱ्या प्रोसेसच्याच कॉलमध्ये पॅकेट थेट नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरच्या हाती जातं, सॉफ्टआयआरक्यू (कर्नलने पुढे ढकललेलं काम) उठवावी लागत नाही. रांग साचली तर एका दमात साधारण ६४ पॅकेटं निघतात आणि उरलेल्यांसाठी सॉफ्टआयआरक्यू उठवली जाते. तेवढं रास्तच आहे.

पीफिफो-फास्ट ही जुनी क्युडिस्क या बाबतीत वाईट नाही. कर्नल ४.१६ मध्ये तिचं कुलूप (एका वेळी एकाच प्रोसेसरला रांगेला हात लावू देणारं लॉक) निघालं तेव्हा ही थेट वाटही गेली होती, पुढे ती परत आली. पण मोठी फाइल चालू असताना एसएसएच (दुरून सर्व्हरवर काम करायचं कनेक्शन) अडकतं, म्हणून मी ती ठेवत नाही.

एफक्यू (३.१२, २०१३) वेगळ्या कामाची. तिच्यात प्रत्येक पॅकेट आधी रांगेत जातं. पेसिंग (पॅकेटं ठरावीक अंतराने सोडणं) असेल तर टायमर लागतो, तो वाजला की सॉफ्टआयआरक्यू. बदल्यात टीसीपीचे लोंढे सावकाश, समान अंतराने जातात. हजारो कनेक्शनांना व्हिडिओ पुरवायचा असेल तर हा खर्च वसूल होतो. बीबीआरसाठी (पेसिंगवर चालणारी टीसीपीची वेग ठरवण्याची पद्धत) मात्र ४.१३ पासून एफक्यू सक्तीची नाही, टीसीपी स्वतः पेसिंग करतो.

बिलिंग, फाइल शेअर, छोटी वेबसाइट एवढंच असेल तर एफक्यू-कोडेल, डोळे झाकून. सर्व्हरवर एचटीबी (वेगाला मर्यादा घालणारी क्युडिस्क) लावून वेग बांधू नका. तुंबतं ते राउटरपाशी, तेव्हा शेपिंगही, म्हणजे वेग बांधणंही, तिथेच हवं; त्यासाठीची केक ही क्युडिस्क ४.१९ पासून कर्नलातच आहे.

क्युडिस्क बदलण्याआधी टीसी या कमांडच्या आकडेवारीत ‘रीक्यूज’ (पॅकेट परत रांगेत ठेवावं लागल्याच्या वेळा) हा आकडा बघा. तो सारखा वाढत असेल तर बहुधा नेटवर्क कार्डाची रिंग (कार्डाची स्वतःची छोटी रांग) भरतेय, आणि त्यावर क्युडिस्क बदलणं हा इलाज नव्हे. प्रॉकमधल्या (कर्नलची माहिती दाखवणारी डिरेक्टरी) सॉफ्टआयआरक्यूंच्या यादीतली नेट-टीएक्सची, म्हणजे पाठवण्याच्या कामाची, ओळही बघा, पण बऱ्याच ड्रायव्हरांत पाठवलेल्या पॅकेटांची आवराआवर नेट-आरएक्सखाली (पॅकेटं घेण्याच्या कामात) मोजली जाते, हे लक्षात ठेवून.