निदान आधी, दुरुस्ती नंतर: लॅमिंग्टन रोडवरील मॉनिटर-दुरुस्तीच्या एका गाळ्याविषयी

मी डोंबिवलीत घरून अक्षरजुळणी आणि पुस्तकांच्या पानांची मांडणी करते. दिवाळी अंकांची पाने ऑगस्टपासून हातात येऊ लागतात आणि यंदा नेमक्या त्याच दिवसांत माझा 24 इंची मॉनिटर सकाळी सुरू व्हायला वेळ घेऊ लागला. बटण दाबल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकायचा आणि मग स्क्रीन उजळायची. पंधरा दिवसांत तो एक मिनिट दहा मिनिटांवर गेला आणि शेवटी स्क्रीन दोन सेकंद उजळून काळी पडू लागली. केबल बदलून पाहिली, संगणक घरच्या टीव्हीला जोडून पाहिला. टीव्हीवर चित्र स्वच्छ येत होते, म्हणजे संगणकाचा दोष नव्हता. जवळच्या एका सेवा केंद्रात मॉनिटर नेला तेव्हा तेथील माणसाने तो न उघडताच ‘पॅनेल गेलंय, नवा घ्या’ असे सांगितले आणि तपासणीचे 400 रुपये घेतले. मॉनिटर नऊ वर्षांचा होता, हे मान्य आहे. परंतु ज्या स्क्रीनवरचे रंग छापील पानावर कसे उतरतील हे मला पाठ झाले आहे, ती कोणी न उघडताच निकालात काढावी, हे मनाला पटले नाही.

एका मुद्रकांनी सुचवल्यावरून मी दुपारच्या कमी गर्दीच्या लोकलने, मॉनिटर चादरीत गुंडाळून, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव असलेला हा रस्ता सुटे भाग घेणाऱ्यांच्या तोंडी अजूनही लॅमिंग्टन रोडच आहे. हा गाळा एका जुन्या इमारतीच्या जिन्याच्या पहिल्या वळणावर आहे आणि त्याला पाटी नाही. आत एक टेबल, भिंग लावलेला दिवा, सोल्डरिंगचे सामान आणि साठीच्या आसपासचे एक काका आहेत.

काकांनी पेचकस हातात घेण्याआधी पाच मिनिटे नुसते प्रश्न विचारले. ‘ताई, थंडीत जास्त त्रास देतो का? एकदा सुरू झाला की दिवसभर नीट चालतो का? त्याचा स्वतःचा मेनू दिसतो का?’ शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व त्यांनी मला समजावले आणि ते प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. चमक, रंग वगैरे बदलण्याचा जो मेनू बटणाने उघडतो, तो मॉनिटर स्वतः तयार करतो, संगणक नव्हे. रेषा किंवा लुकलुक त्या मेनूवरही दिसत असेल तर दोष मॉनिटरमध्ये आहे. मेनू स्वच्छ आणि बाकीचे चित्र बिघडलेले असेल तर केबल, ग्राफिक्स कार्ड किंवा सेटिंग तपासावे.

त्यानंतर त्यांनी गाळ्यातला दिवा मालवला, मॉनिटर संगणकाला जोडला आणि काळ्या पडलेल्या स्क्रीनवर मोबाइलची टॉर्च तिरकी धरली. त्या काळ्या काचेत, अगदी फिकट, पण स्पष्ट, फोल्डरांची चित्रे दिसत होती. पॅनेल चित्र उमटवत होते. त्याच्या मागे उजेड नव्हता, एवढेच. एलसीडी पॅनेल स्वतः प्रकाश देत नाही, तो मागच्या एलईडीच्या पट्टीतून येतो, ही साधी गोष्ट मला ऐकून माहीत होती, पण ती अशी डोळ्यांनी दिसल्यावर ‘पॅनेल गेलंय’ हा आधीचा निर्णय किती बेफिकिरीने दिला होता, हे कळले.

मागचे झाकण उघडल्यावर वीजपुरवठ्याच्या बोर्डावर 1000 मायक्रोफॅरड क्षमतेचे दोन कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारे नळकांड्यासारखे छोटे भाग) सापडले, ज्यांचे सपाट असायला हवे असलेले माथे बोटाला जाणवतील इतके फुगले होते आणि एकाच्या माथ्यावर तपकिरी खपली धरली होती. या कपॅसिटरमधला द्रव उष्णतेने वर्षानुवर्षे सुकत जातो, त्यांचा अंतर्गत रोध वाढतो आणि थंड असताना त्यांच्याकडून काम होत नाही. मॉनिटर सकाळीच का अडत होता, याचे उत्तर एवढेच होते. काकांनी मीटर लावून दोन्हींचा रोध मला दाखवला आणि त्यांच्या जागी तेवढ्याच क्षमतेचे, 105 अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारे नवे कपॅसिटर बसवले. त्याच बोर्डावरच्या तिसऱ्या, वरवर ठीक दिसणाऱ्या कपॅसिटरचे मापही बरे न आल्याने तोही बदलला. एकूण 650 रुपये झाले. याला आता चार महिने होत आले. बटण दाबताच स्क्रीन उजळते आणि दोन दिवाळी अंकांची मिळून 400 हून अधिक पाने मी तिच्यावरच लावली.

हे वाचून कोणी घरी झाकण उघडू नये, अशी कळकळीची विनंती आहे. आपल्या घरातील 230 व्होल्टचा प्रवाह या बोर्डावर एकदिश होऊन सुमारे 325 व्होल्टने मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तेथे राहू शकतो.

या गाळ्यावर माझा विश्वास बसला तो मात्र दुसऱ्या फेरीत. भाच्याच्या मॉनिटरवर एक हिरवी उभी रेषा आली होती. तिचा स्क्रीनशॉट घेतला तर चित्रात रेषा नव्हती, म्हणजे संगणकाकडून चित्र व्यवस्थित जात होते. मेनूवरूनही ती रेषा आरपार जात होती. काकांनी पॅनेलच्या वरच्या कडेला हलके दाबले तेव्हा रेषा क्षणभर नाहीशी झाली आणि बोट काढताच परत आली. काचेच्या कडेला चिकटवलेल्या बारीक पट्टीचा जोड सुटला आहे, तो येथे पुन्हा टिकाऊ बसत नाही आणि पॅनेल बदलणे नव्या मॉनिटरच्या किमतीला जाईल, असे सांगून त्यांनी काम नाकारले आणि तपासणीचा एक रुपयाही घेतला नाही.

उणिवा आहेत. तीन दिवसांत देतो म्हटलेला मॉनिटर पाचव्या दिवशी मिळाला आणि कामाच्या हंगामात ते दोन दिवस मला जड गेले. पावती हाताने लिहिलेली मिळते आणि तीन महिन्यांची हमी तिच्यावर मागून लिहून घ्यावी लागते. घरून मॉनिटर नेण्याची सोय नाही आणि तो अरुंद जिना वयस्कर माणसाला अवघड आहे. रंगांची जुळवणी ते करत नाहीत. ती मला घरी नव्याने करावी लागली.

इतक्या लांब जाण्याआधी घरी दोन गोष्टी अवश्य कराव्यात. स्क्रीन अचानक काळी झाली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबाव्यात, त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवरचे चित्र सांभाळणारा प्रोग्रॅम, नव्याने सुरू होतो. आणि ‘आउट ऑफ रेंज’ असा संदेश आला तर संगणक मॉनिटरला न झेपणारे रिझोल्यूशन (चित्रातील ठिपक्यांची संख्या) किंवा रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते तो वेग) पाठवत आहे असे समजून सेफ मोडमधून, म्हणजे विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करून, ते उतरवावे. तरीही जावे लागले तर मॉनिटरची वीजेची वायर आणि रोज वापरातली केबल, दोन्ही सोबत न्याव्यात; काका सर्वांत आधी त्याच मागतात.