सारंगखेड्यात घोडी घेताना मी कसा फसलो

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, घोडेबाजार किती मोठा असतो ते खान्देशात वेगळं सांगायला नको. मला आणि मित्राला कित्येक वर्षांपासून एकच खूळ, सुरतहून नंदुरबार, थाळनेर, चोपडा करत बऱ्हाणपूरला जाणारी जुनी व्यापारी वाट जनावरांवर सामान लादून चालायची (त्या काळी जास्त करून लमाणांचे बैलांचे तांडे असायचे म्हणा, पण बैल कोण सांभाळणार). आधी रंगीत तालीम म्हणून महाशिवरात्रीला तोरणमाळ करायचं ठरलं. मित्राने वीटभट्टीवाल्या काकांचं खेचर काकांसकट मागून आणलं, मी म्हटलं आपण घोडी विकतच घेऊ.

व्यापारी गोड बोलणारा. "भाऊ, सात वर्षांची आहे, खेचर झक मारेल हिच्यापुढे." मी पण यूट्यूब बघून शहाणा झालेलो, म्हटलं दात दाखव. त्याने लगेच खालचा ओठ ओढला, दातांत मस्त काळे खड्डे, आणि ते साधारण आठ वर्षांपर्यंतच राहतात हे मला माहीत होतं म्हणून मी खूष. वरचा ओठ मात्र त्याने अंगठ्याने दाबूनच धरलेला, हे मला घरी आल्यावर आठवलं. चाल दाखवली तापीच्या मऊ वाळूत. रुमालाखाली बोटं दाबून ३८ हजाराला सौदा, पावती "उद्या देतो भाऊ".

तिसऱ्या दिवशी घोडी पुढच्या पायाने लंगडायला लागली. फोन केला तर म्हणे ट्रकमधून आणताना अवघडली असेल, महिनाभर आराम द्या. दिला. चालायला लागली म्हणून म्हसावदहून राणीपूरपर्यंत नेली पण घाट सुरू झाला नि घोडी जागेवर उभी. पाठीवर चाळीस किलो पण नव्हतं हो, तंबू, भांडी आणि पीठमीठ. फुकटात आणलेलं खेचर तिचं ओझं पण घेऊन वर चढत गेलं आणि काका मागे वळून म्हणाले, "तुले फसाडं रे भो."

शहाद्याच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा वरचाच ओठ उचलला. वरच्या कडेच्या दातावर एक उभी खाच असते, ती दहाव्या वर्षाच्या आसपास हिरडीपासून सुरू होते, पंधराव्याला अर्ध्या दातापर्यंत येते आणि विसाव्याला खालच्या टोकाला पोचते. हिची अर्ध्याच्या पण खाली आलेली! मग खालचे काळे खड्डे? ते कोरून डाग देऊन केलेले. पायाचं दुखणं जुनं, बाजाराच्या दिवशी दुखणं मारायचं इंजेक्शन दिलेलं असणार असं डॉक्टर म्हणाले. व्यापाऱ्याचा नंबर तोवर बंद, पावती नाही म्हटल्यावर तक्रार कोणाच्या नावाने करणार.

तेव्हा घेणार असाल तर वरचा ओठ स्वतःच्या हाताने उचला, आणि घोडी डांबरी रस्त्यावर दुडकी पळवून बघा, पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर झटकते. पैसे देण्याआधी दुसऱ्या दिवशी न सांगता परत जाऊन बघा, इंजेक्शन उतरलेलं असतं. आमची आता गोठ्यात आहे, आईच्या हातची भाकरी खाते, विकायची तर मला पण खोटंच बोलावं लागेल.