फायबरच्या नावाखाली लॅनची वायर

नव्या फ्लॅटमध्ये खोकी उघडत असताना दारावर येणाऱ्या 'ब्रॉडबँडवाल्या'पासून जपून राहा, एवढ्यासाठी हे लिहितोय. आमच्याकडे आला त्याच्या गळ्यात एका मोठ्या कंपनीचं ओळखपत्र होतं आणि जिभेवर साखर. या इमारतीत फक्त आमचंच फायबर आहे, आज सांगा आज जोडतो, वर्षाचे पैसे एकदम भरा म्हणजे जोडणीचा खर्च माफ. टीव्हीच्या जागेमागे भिंतीवर एक छोटी पांढरी डबी होती, ती दाखवली तर म्हणाला, "ती मेलीय हो, आधीच्या भाडेकरूची."

त्याच्या पोऱ्याने जिन्यातल्या डक्टमधून करड्या रंगाची केबल आत ओढली. टोकाचं आवरण सोललं, आतल्या आठ रंगीत तारा बोटांनी सरळ करून ओळीत लावल्या, पारदर्शक क्लिपमध्ये सरकवल्या आणि क्रिंपिंगच्या पकडीने कचकन दाबल्या. म्हणजे साधी तांब्याची लॅन केबल. आणि झालं म्हणे फायबर!

सगळी लबाडी इथेच उघडी पडते. फायबरमध्ये रंगीत तांब्याच्या तारा नसतातच. आत 125 मायक्रॉन जाडीचा काचेचा धागा असतो. तो जोडायला स्प्लायसिंग मशीन (धागे वितळवून सांधणारं यंत्र) किंवा खास कनेक्टर लागतो, बहुतेकदा हिरव्या टोकाचा. हे टोक ज्या डब्यात जातं तो ओएनटी, फायबरमधल्या प्रकाशाचं इंटरनेट करून राउटरला देणारा. त्यावर पॉन नावाचा दिवा असतो. तो हिरवा आणि स्थिर असला की लाइन लागलेली आहे. एलओएसचा लाल दिवा लागला की प्रकाश पोचतच नाहीये. आमच्या घरात ओएनटी नव्हताच. नुसता राउटर.

दिवसा बरं चालायचं, संध्याकाळ झाली की रडायला लागायचं. शेवटी राउटरच्या सेटिंगमध्ये वॅनचा पत्ता (राउटरला बाहेरच्या लाइनकडून मिळालेला) पाहिला, तर तो 192.168 ने सुरू होत होता, घरगुती राउटर आपल्या आतल्या उपकरणांना देतात तसा. घरात ओएनटी नसताना असा पत्ता म्हणजे पलीकडे बहुधा दुसऱ्याच कुणाचा घरगुती राउटर. (100.64 ते 100.127 मधला असता तर संशयाचं कारण नव्हतं, खऱ्या कंपन्याही तो पट्टा वापरतात.) वायरचा माग काढत वर गेलो. डक्टमध्ये आठ पोर्टचा स्विच (एक लाइन अनेकांना वाटणारी डबी), एकही पोर्ट रिकामं नाही. एका बिऱ्हाडाचं कनेक्शन, आणि त्याच्यावर आम्ही सगळे! पैसे मात्र प्रत्येकाकडून पूर्ण वर्षाचे.

ते बिऱ्हाड फ्लॅट सोडून गेलं आणि नेट बंद पडलं. कंपनीला फोन केला तर तुमच्या नावावर खातंच नाही, आणि तो माणूसही आमचा नाही. पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त खुपते. इतके दिवस आमची सगळी ये-जा परक्याच्या राउटरमधून होत होती. आपण कोणत्या साइटवर जातो ते त्याला दिसू शकतं, आणि आपल्यापैकी कुणी काही उद्योग केले तर बाहेर पत्ता दिसणार त्या बिचाऱ्याचा.

इमारतीपर्यंत फायबर आणि पुढे घरात लॅन केबल, अशी प्रामाणिक जोडणीही असते. नुसती वायर पाहून कुणाला चोर ठरवू नका. पण तिथेही खातं तुमच्या नावावर असतं. म्हणून पैसे देण्याआधी ग्राहक क्रमांक मागा, तो कंपनीच्या अधिकृत ॲपमध्ये स्वतः टाकून बघा, आणि पैसे तिथूनच भरा. आमची पावती व्हॉट्सॲपवर आलेलं एक चित्र होतं, त्यावर ना ग्राहक क्रमांक ना पत्ता.

नंतर कंपनीकडून अधिकृत तंत्रज्ञ आला. त्याने त्या 'मेलेल्या' डबीतल्या फायबरला पॉवर मीटर, म्हणजे प्रकाशाची ताकद मोजणारं यंत्र, लावला. आकडा आला उणे 19 डीबीएम. उण्याचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण, आणि आमच्या प्रकारच्या लाइनवर उणे 27 पर्यंत चालतं, म्हणजे सिग्नल ठणठणीत होता. नवी केबल ओढावीच लागली नाही.

भामट्याचा नंबर बंद आहे. पैसे ज्या खात्यात गेले त्याचा तपशील, पावतीचं चित्र आणि स्विचचे फोटो जोडून पोलिसांत तक्रार दिली आहे. त्या स्विचवरच्या बाकीच्या घरांनीही द्यावी म्हणून आता दारोदार फिरतोय.